आठ तासांचा ठावठिकाणा

चाकणला रात्रपाळीसाठी निघालेली मुलगी आपला ठावठिकाणा आईच्या मोबाईलवर दाखवून जाते. व्हॉट्सॲपने ही सोय २०१७ साली दिली. तिला मुदती तीनच: १५ मिनिटे, १ तास आणि ८ तास. आठ तास म्हणजे कारखान्याची नेमकी एक पाळी! नाशिक रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेला तो ठिपका मोशीपुढे सरकला की पिंपरीतल्या आईचा जीव भांड्यात पडतो. त्या काळजीला नावे ठेवण्याची आमची छाती नाही.

परंतु हाच ठिपका पतीने पत्नीकडे रोज मागितला तर? 'नाही' म्हणताच संशय येणार असेल, तर आजवरचे 'हो' खुशीचे होते काय? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली. पोटासाठी राबणाऱ्याने नकार द्यावा तरी कसा? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो सरकारपुढे मांडता येतो. स्वयंपाकघरात तो कोणी मांडावा?

शिवाय आईचा ठिपका मुदत संपताच मावळतो. ज्या ॲपना आपण न वाचताच 'नेहमी' अशी परवानगी दिली, ती मात्र पाळी सुटल्यावरही पाहत राहतात. त्यांच्याबद्दल घरात कोणी भांडत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या ओळखीच्या एका मुलीने आईला स्पष्ट सांगितले, "रात्रपाळीला ठिपका बघ. सुट्टीच्या दिवशी मागू नकोस." आई आठवडाभर रुसली होती.