तेरा नंबर

नागपुरातल्या मुलींच्या एका आंतरक्लब स्पर्धेतली ही गोष्ट. पश्चिम नागपुरातल्या एका क्लबात तेरा नंबरची जर्सी घ्यायला कुणी तयार नव्हतं. आकडा अशुभ म्हणून. शेवटी ती संघातल्या सगळ्यात उंच मुलीच्या वाट्याला आली आणि तेव्हापासून ती सगळ्यांसाठी ‘तेरा’च झाली.

बास्केटखाली तेराला चेंडू मिळाला की तिला अडवणं अवघड. पण समोरच्या संघांनी उपाय शोधला होता: तिला सरळ फाउल करायचा. फ्री थ्रोच्या रेषेवर एकटी उभी राहिली की तिचे हात आखडायचे. चेंडू कधी रिंगच्या कडेवर आदळायचा, कधी बोर्डावरून परत यायचा.

सरांनी तिला वेगळी पद्धत शिकवली. चेंडू दोन्ही हातांत, कमरेखाली धरायचा, गुडघे वाकवायचे आणि खालून वर, दोन्ही हातांनी एकाच झोकात सोडायचा. दोन्ही हात सारखेच हलतात, त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे कमी जातो. उंच जाऊन रिंगवर तो अलगद उतरतो, कडेला लागला तरी आत घरंगळण्याची शक्यता राहते. नियमानं त्यात काहीच गैर नाही. मे महिन्यात, ऊन उतरल्यावर सिमेंटच्या कोर्टवर तिनं रोज सराव केला आणि चेंडू आत जाऊ लागला.

सामन्यात पहिला फाउल मिळाला, तिनं तसाच चेंडू टाकला आणि तो आत गेला. पण कठड्यावर बसलेली पोरं हसली. “अबे, मडकं उचलून राहिली का ही?” दुसरा चेंडू तिनं खांद्यावरून टाकला. पुढचेही सगळे खांद्यावरूनच.

स्कोअरशीट वाचता येणाऱ्याला पुढचं सगळं त्यात दिसतं. समोरच्या मुलींच्या फाउलच्या चौकटींत ‘पी २’, ‘पी २’, ‘पी २’, म्हणजे दर वेळी दोन फ्री थ्रो. फ्री थ्रो आत गेला की गुणांच्या रकान्यात भरीव ठिपका काढतात. तेराच्या नावाचे ठिपके दोनच, आणि त्यातला एक पहिला. सामना तीन गुणांनी गेला.

सर रागावले नाहीत. तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. २ मार्च १९६२, अमेरिकेतलं हर्शी हे चॉकलेटचं गाव, फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. १६९–१४७. त्या सामन्याचं टीव्हीवर चित्रण झालं नाही. शेवटच्या भागाचं रेडिओवरचं वर्णन आणि हे आकडे, मुख्यतः यांवरूनच तो जगाला कळतो. त्यात विल्ट चेंबरलेननं एकट्यानं शंभर गुण केले. एनबीएत एका सामन्यात एवढे गुण पुन्हा कुणालाही जमलेले नाहीत.

“याचा नंबर बघ,” सर म्हणाले.

तेरा.

“आता ही ओळ वाच बेटा. शंभर शंभर सगळेच करतात, ही ओळ कोणी वाचत नाही.”

तिनं वाचलं. मैदानी फेकी ६३, त्यातल्या आत ३६. फ्री थ्रो ३२, आत २८.

“बत्तीसमधून अठ्ठावीस! सर, हा लई भारी फ्री थ्रो टाकत असन.”

“उलट आहे. फ्री थ्रोत तो जन्मभर कच्चाच. अख्ख्या कारकिर्दीत शंभरातले जेमतेम एक्कावन्न आत. पण त्या हंगामात तो खालून टाकत होता. तुझ्यासारखा, दोन्ही हातांनी. त्या हंगामात एकसष्टच्या वर गेला.”

हर्शीची रात्र थोडी नशिबाचीही होती, हे मान्य केलं पाहिजे. एकसष्ट टक्क्यांचा माणूस रोज अठ्ठावीस टाकत नाही. पण अख्खा हंगाम नशिबावर निघत नाही.

“मग पुढं?”

“पुढं सोडून दिलं. १९६७-६८च्या हंगामात अडतीस टक्क्यांवर आला.”

“सोडलं कायले?”

“त्यानंच आत्मचरित्रात लिहिलंय. तसं टाकताना बायकी वाटायचं, लाज वाटायची. आपलं चुकतंय हे कळत होतं, तरी जमलं नाही.”

मला हे लिहून ठेवणारा चेंबरलेन फार मोठा वाटतो. सात फुटांहून उंच, त्या काळी त्याला अडवेल असा माणूस शोधावा लागे, आणि तो हरला कठड्यावरच्या हसण्याला. त्याच्याच काळातला रिक बॅरी मात्र शेवटपर्यंत खालूनच टाकत राहिला. वडिलांनी शिकवलं तेव्हा त्यालाही मुलींसारखं वाटायचं. त्याचे शंभरातले नव्वदच्या आसपास आत जायचे.

तेरानं बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “पण सर, लोकं हसतातच ना.”

“हसतील. २०१९च्या ऑक्टोबरात वरळीला एनबीएचा पहिला सामना झाला, आठवतो? पेसर्स १३२, किंग्ज १३१, तोही जादा वेळेत. हंगामाआधीचा होता, पण गेला एका गुणानं. एक गुण म्हणजे किती?”

“एक फ्री थ्रो,” ती म्हणाली आणि पोहे संपवले.

पुढच्या सामन्यात पहिला फाउल झाला. रेषेवर ती वाकली आणि कठड्यावर हशा उठला. चेंडू रिंगला लागून बाहेर पडला आणि हशा वाढला. कान लाल झालेले. दुसरा चेंडू हातात आल्यावर ती खांद्यापर्यंत नेणार असं सगळ्यांनाच वाटलं, पण तिनं तो खाली नेला. आत. पुढच्या फाउलला दोन्ही आत. त्यानंतर एक हुकला, दोन आत.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्या बाकावरून त्यांच्या प्रशिक्षकांचा आवाज आला, “अबे, तेरा नंबरले फाउल नका करू!”

त्यांनी फाउल करणं थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिच्याकडून बास्केटखालचे डाव्या हाताचे लेअप घोटून घ्यायला सुरुवात केली.