वादळ वळले, पण कुठे?

मे-जून आला किंवा पावसाळा सरून ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला, की अरबी समुद्रात एखादे वादळ उठते आणि आपल्या वसईच्या किनाऱ्यावर सगळ्यांचे डोळे हवामान खात्याच्या नकाशाकडे लागतात. त्या नकाशावर एक रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. वादळाचा मध्य त्या पट्ट्यातून कुठूनही जाऊ शकतो. वारा-पाऊस तर पट्ट्याबाहेरही पोहोचतो. पण आपण पाहतो ती रेघ. दर तीन तासांनी नवे पत्रक निघते, रेघ जराशी सरकते आणि मनात येते, देवा, अजून थोडी सरकू दे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले तेव्हा लॉकडाऊनमुळे चर्च बंद होती. घराघरांतून रोझरी चालली होती. दुपारी वादळ रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला जमिनीवर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. आपल्याकडे त्या मानाने थोडक्यात निभावले. ‘देवाने तारले,’ असे आपण एकमेकांना म्हणालो.

आभार मानावेत, त्यात वावगे काही नाही. पण त्याच रायगडच्या किनाऱ्यावर कोर्लई आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनची, आपल्यासारखीच कॅथलिक वस्ती आहे. त्यांच्याही हातात त्या दिवशी जपमाळ असणारच. रेघ उत्तरेला सरकावी असे त्यांनी मागितले असेल, तर ती सरकणार होती आपल्याच अंगावर! मग देवाने कोणाची माळ मोजायची? वादळ वळते ते आकाशातल्या वरच्या थरांतील वाऱ्यांमुळे. वाचलेल्यांची श्रद्धा मोठी आणि ज्यांची घरे पडली त्यांची लहान, असा हिशेब मांडणे त्यांच्यावर अन्याय आहे, आणि देवावरही.

प्रभू येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मार्क मात्र एक बारीकशी गोष्ट जाता जाता सांगतो, जी मत्तय आणि लूक सांगत नाहीत: त्या संध्याकाळी सरोवरात दुसरेही मचवे होते. प्रभूने शिष्यांचा मचवा तेवढा सुखरूप ठेवून वादळ दुसऱ्यांवर लोटले नाही. वारा पडला, तो सगळ्यांसाठी पडला.

तेव्हा पुढच्या वेळी काय मागावे? १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ आपल्यासमोरून गुजरातकडे गेले. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. इशारा वेळेवर पोहोचावा, ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनी तो ऐकावा, सगळ्या होड्या बंदरात याव्यात, हे मागणे कोणाच्याही विरुद्ध जात नाही. आणि रेघ जिथे जाऊन थांबेल त्या गावाचे नाव मिस्सातल्या प्रार्थनेत घ्यावे, वादळानंतर ताडपत्री नि पत्रे घेऊन तिकडे जावे. एकदाच जाऊन भागत नाही. पोफळीचे रोप लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात.