अमाना: श्रद्धा आणि सामाईक शेती

मालमत्ता सामाईक असणे हा धर्माचा गाभा, की केवळ सोय? आयोवातील अमाना या शेतकरी वसाहतीने हा प्रश्न पिढ्यानपिढ्या जगून पाहिला. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या एका भाविक पंथाने १८५५ पासून इथे गावे वसवली; ती पुढे सात झाली. शेते, गिरण्या, स्वयंपाकघरे सगळ्यांची; सभासदांना मजुरी नाही. समतेची साक्ष दफनभूमी देते: सारख्याच साध्या शिळा, त्याही कुटुंबानुसार नव्हे, मृत्यूच्या क्रमाने. नवरा-बायकोही क्वचितच शेजारी, हे जरा कठोरच. १९३२ मध्ये, महामंदीच्या काळात, सभासदांच्याच कौलाने ही व्यवस्था संपली. शेती-उद्योग भागधारकांच्या कंपनीकडे गेले, चर्च वेगळे झाले. सामाईक मालकी गेली, तरी उपासना टिकली. तेव्हा गाभा मालकीत नव्हता, असेच म्हणावे लागते.