रिकाम्या हाताने रानात

आपल्या माणसांचे आणि रानाचे नाते जुने आहे. पण ते मोळीचे, मोहफुलांचे आणि तेंदूपानांचे. काम नसताना नुसते बसायला रानात जाणे आपल्या वाडवडिलांना कधी परवडले नाही. त्यामुळे वडील वारल्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी एकटाच रानात जाऊन बसू लागलो, तेव्हा वस्तीत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, मास्तरांना बाहेरचे झाले. एका शिकलेल्या मित्राने तर तोंडावरच विचारले, "गुरुजी, समाज होरपळतो आहे आणि तुम्ही झाडाखाली बसता? बाबासाहेबांनी हेच शिकवले काय?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण पुरुष की समाजसेवक, असे बाबासाहेबांनीच 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे, आणि स्वतःपुरत्या पूर्ण पुरुषाचा धम्मप्रसाराला उपयोग नाही, असे बजावले आहे.

पण मग भगवंत स्वतः अरण्यात का राहिले? मज्झिमनिकायातील भयभेरवसुत्त पाहा. बोधिप्राप्तीपूर्वी, अष्टमी-चतुर्दशीच्या रात्री, लोक ज्या जागांना भीत त्याच जागी ते मुद्दाम जाऊन राहत. हरिण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाला सळसळला की मनात भय उठे. चालताना भय आले तर ते चालतच राहत, बसले असता आले तर उठत नसत. भय जाईपर्यंत तसेच. ना लिंबू, ना नारळ, ना अंगारा! आपल्या घरांतून देव्हारे गेले, पण वडावरचा मुंजा अजून गेलेला नाही. मी पदवीधर, तरी तिन्हीसांजेला त्या वडाखाली माझे पाय लटपटले, हे कबूल करतो. तिथेच बसून राहिलो. आवाज कसला, तर सागाच्या वाळल्या पानांवर धावणाऱ्या सरड्याचा.

रान आपोआप बरे करते, असे मात्र नाही. मेघिय नावाच्या भिक्खूला एक आमराई फार आवडली. भगवंतांनी थांबायला सांगितले असतानाही तो तिथे ध्यानाला गेला, आणि वाईट विचारांनीच त्याला घेरले. परतल्यावर भगवंतांनी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती कल्याणमित्राची. मलाही झोप येत नव्हती तेव्हा डॉक्टरांचे औषध चालूच होते. ते कोणी सोडू नये. रानाने एवढेच केले की वडिलांसाठी रडायला मला जागा मिळाली. घरी आईपुढे ते जमत नव्हते.

आणि भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, ही देवदत्ताची मागणी भगवंतांनी नाकारली. ज्याला रुचेल त्याने अरण्यात राहावे, रुचेल त्याने गावाजवळ. माझ्या मित्राला मी हेच उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही, तो म्हणाला, "आधी वस्तीचा नळ, मग झाडे." नळाच्या अर्जावर सही मीही केली आहे.

थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. हीन कुळातला, वाळलेली फुले झाडून टाकणारा माणूस; संघात आला, एकटा अरण्यात राहिला, आणि त्याची वाणी आज आपण वाचतो. त्यांच्यावर मुलांसाठी नाटुकले लिहायचे दोन वर्षे मनात होते, एक ओळ सुचत नव्हती. रानात तिसऱ्या रविवारी पहिला प्रवेश सुचला. कागद नव्हता, म्हणून घोकत घरी आलो.

दारात आई उभी. "रानात जाऊन रिकाम्या हातानं आलास?" मी तिला तो प्रवेश म्हणून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मीबी येतो. मोळी नाही बांधणार."