उसने दिलेले नाव



बारावीनंतर आपली मुले परभणी, नांदेड, पुण्याला शिकायला जातात. आई पिशवीत भाकरी-चटणी बांधून देते, वडील बँकेत खाते उघडून देतात. आजचे चार शब्द त्या मुलांसाठी आणि पालकांसाठी.

बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असा दाखला प्रभू येशू देतो (लूक १४). प्रभू तिथे शिष्यत्वाविषयी बोलत आहे. तरी उदाहरण म्हणून त्याने हिशेबच निवडला. संत थॉमस अक्वायनस दूरदृष्टीला विवेकाचाच भाग मानतात. म्हणून मुलांनो, पैसे हाती येताच खोलीभाडे, मेस व प्रवासखर्च बाजूला काढा, थोडी शिल्लक टाका आणि उरलेल्यात महिना भागवा. मोबाईलवरचे ॲप 'महिना फक्त तीन टक्के' म्हणून कर्ज देऊ करते. आपले आजोबा त्यालाच शेकडा तीन म्हणत. वर्षाला छत्तीस झाले!

पैशाहून मोलाची ठेव म्हणजे आपले नाव. २०१७ साली आपल्या गंगाखेडमध्ये शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांच्या नकळत, बँकांतून कर्ज उचलल्याचा गुन्हा नोंदला गेला. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण मात्र एवढे शिकावे की आधार कार्डाची प्रत आणि कोऱ्या कागदावरची सही या क्षुल्लक गोष्टी नाहीत.

त्या शेतकऱ्यांना कल्पनाही नव्हती. आज मात्र काही विद्यार्थी आपणहून खाते दुसऱ्याला वापरायला देतात. "एटीएम कार्ड आणि सिम दे, घरबसल्या कमिशन मिळेल," असे कोणी सांगतो. मग त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. खाते गोठते आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात. तो पैसा कुणा विधवेच्या आयुष्यभराच्या पुंजीचाही असू शकतो. असे कमिशन म्हणजे चोरीतला वाटा होय.

पालकांनो, मूल फसले तर आधी त्याचे ऐकून घ्या. भीतीपोटी लपवलेले कर्ज वाढतच जाते. ऑनलाइन फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा. उधळ्या पुत्राच्या पित्याने हिशेब मागण्याआधी धावत जाऊन मुलाला मिठी मारली. आपल्याही घराचे दार तसेच उघडे असो.

देवाने सोपवलेल्या प्रत्येक ठेवीचे आपण विश्वासू कारभारी होऊ या. आमेन.

– आपले धर्मगुरू