उत्तर न देणाऱ्याशी बोलावे का?



काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाला भेटायला मी इस्पितळात गेलो होतो. तो बेशुद्ध होता. प्रार्थना झाल्यावर त्याच्या खाटेशी उभा राहूनच मी त्याच्या भावाला विचारले, "डॉक्टर काय म्हणतात? काही आशा आहे का?" तिथल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "फादर, आपण बाहेर बोलू या." मला थोडा रागच आला. माझी चूक मला पुढे वाचनातून कळली.

अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात पामेला मिचेल या परिचारिकेने मेंदूच्या रुग्णांच्या शुश्रूषेवर अनेक वर्षे संशोधन केले. मेंदूला मार लागला की तो सुजतो. कवटी हाडाची, ती पसरत नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. अशा रुग्णाच्या उशाशी दिवसरात्र असते ती नर्स. तिच्या रोजच्या कामाने हा दाब वाढतो का, असा प्रश्न मिचेल यांनी विचारला. १९७८ साली नॅन्सी मॉस यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात कूस बदलण्यासारख्या साध्या गोष्टींशीही दाबवाढीचा संबंध दिसला. खाटेशेजारी रुग्णाच्या प्रकृतीविषयी चाललेले बोलणेही त्यात होते! १९८१ च्या अभ्यासात दिसले की, थोड्याथोड्या वेळाने रुग्णाला हलवत राहिल्यास दाब चढत जाऊ शकतो. म्हणजे कूस तर बदलायलाच हवी, नाहीतर पाठीला जखमा होतील. पण दोन कामांमध्ये रुग्णाला विसावा हवा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जो बोलत नाही, ओळखत नाही, तो 'कोणी' आहे की नुसते 'काही'? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी व्यक्तीची ओळख जाणिवेशी आणि स्मृतीशी जोडली. तसे असेल, तर जाणीव मावळली की व्यक्तीही मावळली म्हणायची का? संत थॉमस अक्विनास यांची विचारधारा वेगळी आहे. क्षमता असणे आणि ती वापरता येणे या दोन गोष्टी आहेत. झोपलेला गवई गात नाही, म्हणून तो गवई नाही असे आपण म्हणत नाही. जाणीव ही माणसाची मोठी देणगी आहे. परंतु माणूस तिच्याहून मोठा आहे.

२०२४ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांगितलेले काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा त्यांतील ६० जणांचा मेंदू सूचनांना प्रतिसाद देत होता. चौघांत एक! हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण लगेच मनात आले, उरलेल्या तिघांचे काय? यंत्राने साक्ष दिली तरच मान द्यायचा का? विज्ञान सेवा कशी करावी हे शिकवते. सेवेला पात्र कोण, हे यंत्र ठरवू शकत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी हेच ठामपणे सांगितले होते की, अशा अवस्थेतही माणूस माणूसच राहतो.

आपल्या धर्मग्रामातही अंथरुणाला खिळलेली, न बोलणारी माणसे आहेत. त्यांना भेटायला जरूर जा. आत गेल्यावर आपले नाव सांगा, त्यांना नावाने हाक मारा. शेत कोणाला, बिल किती, अजून किती दिवस, ही बोलणी अंगणात करा. थोडे बोला, मग शांत बसा.

त्या सिस्टरांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. आज हे लिहिताना त्यांची आठवण होते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू