मुळाशी केलेली सेवा

शास्त्रपाठ : लूक 13:1-9



ढाणकीच्या काळ्या रानात तूर फुलोऱ्यास येते, धनी मनात शेंगांचा हिशेब मांडतो, आणि तोच जमिनीत ओल असतानाही उभे झाड माना टाकते. खोड चिरून पाहावे, तर आत काळसर रेघ दिसते. ह्यासच मर रोग म्हणतात. मग कुजबुज सुरू होते. शेजारी म्हणतात, कुलदैवत सोडले म्हणून असे झाले. मंडळीतलेही कोणी म्हणतात, ह्याचे काही गुप्त पाप असेल.

असाच प्रश्न आपल्या प्रभूपुढे आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली; ती इतरांहून अधिक पापी होती काय? प्रभूने ते साफ नाकारिले व ऐकणाऱ्या सर्वांसच पश्चात्तापास बोलाविले. मग त्याने निष्फळ अंजिराचा दाखला सांगितला. धनी झाड तोडू म्हणतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो व आळे खणून खत घालू पाहतो. तो दोष शोधीत बसत नाही, मुळाशी जातो.

मर रोगाचेही मूळ जमिनीतच आहे. फ्युजेरियम नावाची बुरशी जुन्या तुरीच्या धसकटांवर वर्षानुवर्षे जगते, कोवळ्या मुळांतून आत शिरते व पाणी चढण्याच्या वाटा बुजविते. परंतु ज्या मातीत वैरी, त्याच मातीत देवाने रक्षकही ठेविला आहे. ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी मुळांभोवतीची जागा आधीच व्यापून टाकते. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंस विळखा घालून त्यांवरच पोसते, हे वाइंडलिंग नामक शास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले.

पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास सुमारे 5 ग्रॅम भुकटी चोळून बी सावलीत सुकवावे. कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून ती शेतातही घालावी. रासायनिक बुरशीनाशकात ती कालवू नये; वैऱ्याबरोबर रक्षकही मरेल. जेथे मर फार, तेथे काही वर्षे तूर घेऊ नये; पुढेही रोगास दाद न देणारे वाणच निवडावे.

आता पाहा, हा रक्षक वाळलेल्या झाडास उठवीत नाही. रोगाच्या आधीच त्यास मुळाशी ठेवावे लागते. शिवाय खताचा आधार नसेल, तर तो टिकत नाही. आपल्या घरांचेही तसेच आहे. मुलगा दारूच्या दुकानी जाऊ लागल्यावर मग वचन शोधणे, भावाभावांत वाटणीची फिर्याद गेल्यावर मग प्रार्थनेस बसणे, हे पाने धुण्यासारखे होय. वचन कोवळ्या वयात रुजवावे, व रोजच्या कौटुंबिक उपासनेने त्यास ओल द्यावी.

उपदेशक बंधूंनो, मृगापूर्वी मंडळीस एकत्र करा व बीजप्रक्रिया करून दाखवा. ज्याची तूर गेली, त्याच्या बांधावर आधी जा. त्याच्या पापाची चौकशी करू नका. येत्या हंगामाचे बी त्याच्याबरोबर बसून चोळा. आपणा सर्वांकरिता एक वर्ष अधिक मागून घेणारा माळी स्वर्गात आहे. त्याचे सेवक कुऱ्हाड घेऊन फिरत नाहीत.

प्रभू तुमच्या शेतांस व घरांस आशीर्वाद देवो. आमेन.